नडगीचा रंग

मानकात लिहिलंय:
तुरा एकेरी, पाच दात्यांचा, मागचा दाता मानेला न टेकणारा.
कानाची पाळी बदामाएवढी. नडगी पांढरी, गुलाबी झाक चालेल.
खुडूक बसत नाही.
आणि खाली ठळक अक्षरांत:
नडगीत पिवळटपणा आढळल्यास पक्षी बाद.

हे मानक अठ्ठावन्न सालचं.
मला जायचंय त्याच्या मागे,
कागद नेतील तिथपर्यंत.

होर्नच्या दफ्तरखान्यात ऊब फक्त खिडकीपाशी.
हिलेखोंडाबाई खोकं आणून ठेवतात,
माझं पेन काढून घेतात, पेन्सिल देतात,
आणि रोज एकच विचारतात:
सापडली का तुमची कोंबडी?

सापडतात ती माणसं.
एकोणीसशे नऊचं प्रदर्शन, पहिलं बक्षीस,
टोपीवाला एक गृहस्थ, काखेत कोंबडा.
कॅमेऱ्याचं झाकण उघडलं तेव्हा कोंबड्याने मान हलवली असणार,
तुऱ्याला अकरा दाते दिसतात.
आणि पाय?
पाय त्या गृहस्थाने मुठीत घट्ट धरलेत.
मी भिंग घेऊन तासभर
एका मेलेल्या माणसाची बोटं सोडवत बसलो.

मग आख्ये मोलेनारची हिशेबाची वही.
जातीचं नाव हिला ठाऊकच नाही, ती लिहिते "आपल्या".
आपल्या चौदा. आपल्यातली लंगडी.
आपल्यातली ती, पाद्रीणबाईंसारखी चालणारी.
"लंगडी खुडूक. पाण्यात बुडवून काढली. परत बसली.
परत बुडवली. परत बसली. बसू दे मेलीला."
(मानक, कलम सहा: खुडूक बसत नाही.)

अंडी, लोणी, केरोसीन, अंडी.
अक्षर सरळ, ओळीवर पाय रोवून उभं.
चव्वेचाळीसच्या डिसेंबरपासून ते बारीक होत जातं,
कागद पुरवायचा म्हणून.
अ‍ॅमस्टरडॅमच्या बाया येताहेत, टायर नसलेल्या सायकलींवरून,
चादरी घेऊन, घड्याळं घेऊन.
"अंगठी. चार अंडी. अंगठी परत दिली."
दुसऱ्या दिवशी: "अंगठी. दोन अंडी. ठेवून घेतली."
त्यापुढे बरंच खोडलंय.

फेब्रुवारी, तारीख नाही:
"आपल्यातली शेवटची. सूप.
बाईबरोबरची पोर तो पिवळा पाय चोखत चोखत
चुलीपाशीच झोपली. काढून घेतला नाही."

पिवळा.
तीनदा वाचलं.
शिजून पिवळा झाला असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं.

रविवारी बांधावरून वाउटर स्खापकडे गेलो.
चाळीस पक्षी, सव्वीस वर्षं,
भिंतीवर फितींची रांग, रंग उडालेल्या.
मी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं.
तो दाण्याच्या बादलीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, दर दोन-चार वर्षांनी निघतंच एखादं पिवळं.
दोन्ही आईबाप पांढरे, तरी निघतं.
मारवत नाही. पलीकडे देऊन टाकतो.
पलीकडे म्हणजे?
त्याने हनुवटीने पाण्याच्या चराकडे खूण केली.

चरापलीकडे, कोणाच्या तरी कोबीच्या वाफ्यात,
सहा-सात जणी चिखल उकरत होत्या,
एकीला चालता येईना धड,
सगळ्यांचे पाय हळदीच्या बोटांसारखे.
शेजारीण वाळत घातलेले कपडे काढता काढता ओरडली,
वाउटर, तुझ्या बाद झालेल्यांनी माझी सगळी रोपं खाल्ली!
तो हसला नाही. मीही नाही.
मग आम्ही दोघेही हसलो, फार मोठ्याने,
आणि त्याने चष्मा पुसला.

सोमवारी अहवालाचा तक्ता पुढ्यात घेतला.
तुरा: एकेरी. पाळी: पांढरी.
नडगी:
इथे हात थांबला.
चाळीस पक्षी बाद करायचे, की एक वाक्य?

हिलेखोंडाबाई नवं खोकं घेऊन आल्या.
सापडली का?
मी म्हटलं, पाय सापडला.
आणि रिकाम्या जागी लिहिला तो शब्द,
पेन्सिलीने.
पेन त्यांच्याकडे होतं.