तिसरा तास

भूपाल, तुझा मंगळवारचा तिसरा तास
माझ्या गळ्यात पडलाय.
संख्याशास्त्र, भाग दोन, खोली नंबर सतरा.
खणात खडूची चुरी,
एक अडकित्ता (हा कधी कुणाला दिसला नव्हता)
आणि गढूळ डागांची फूटपट्टी.

पुराच्या साली हीच पट्टी घेऊन
तू पोरांसोबत सुतारवाड्यातल्या भिंती मोजत फिरलास.
घरागणिक खडूची रेघ,
रेघेखाली तारीख.
एकशे बारा पानांचा अहवाल.
कलेक्टर कचेरीतून पोच मिळाली,
गोल, नीट शिक्का.
बास.
"पोच म्हणजे उत्तर न्हवं, गा,"
एवढंच म्हणून तू चहाचा कप बशीत पालथा घातलास
आणि चैत्रात अर्ज भरलास.

तू शिकवायचास,
पोतंभर जोंधळा पारखायला मूठ पुरते.
आणि तूच चंदगडपासून कुडित्र्यापर्यंत
एकेक दाणा हातात घेत हिंडलास.
गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीवाला म्हणाला,
"सर, चार मार्कांनी बुडवलंत मला."
तू जोडलेले हात तसेच ठेवून म्हणालास,
"तीन. चौथा तुझ्या खाडाखोडीचा."
मी मनात म्हटलं, गेलं हे मत.
(दुसऱ्या दिवशी त्यानंच टेम्पो दिला प्रचाराला.
डिझेल मात्र आपलं.)

मोजणीला रमणमळ्यात
सगळे आकडे लिहून घेत होते,
तू तेवढा कोऱ्या हातानं बसलेलास.
तसा तुला आधी कधी बघितला नव्हता.

परवा टीव्हीवर दिसलास.
मागून दुसरा बाक.
मागच्या बाकावरच्यांना उठवून पुढं बसवणारा तू!
पूररेषेवर बोलायला उभा राहिलास.
अठ्ठेचाळीस मिनिटांचा माणूस,
दिली दोन मिनिटं.
प्रस्तावनेतच घंटी.
माइक बंद झाला तरी तुझा उजवा हात
हवेत रेघ ओढत होता,
छातीच्या वर, खांद्याच्या जरा खाली.
सभागृहाला वाटलं असेल हातवारे.
स्टाफरूममध्ये शिपाई येसबा पाटोळे
ट्रे हातात धरून थांबला,
म्हणाला, "आमच्या दारातलं पानी हाय ते."

आज वर्गात चौतीस नंबरच्या पोरीनं विचारलं,
"सर परत शिकवायला येणार?"
मी म्हटलं, वह्या काढा.

पट्टी तुला दिल्लीला पाठवणार होतो.
पोस्टात नेली,
वजनही करून घेतलं.
मग परत आणली.
जुलै लागलाय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला काल.
इथंच लागेल.