दाखलखारीज

पत्र आलंय. पटसंख्या चार.
अभिलेख बांधून केंद्रशाळेत जमा करावेत.

म्हणून आज काढली लोखंडी पेटी.
झाकणावर जिल्हा परिषदेचा हिरवा रंग, तीन हात,
तरी खालून जनपद सभेचा शिक्का वर येतोच.
त्याच्याही आधी
मालगुजाराच्या गोठ्यात भरायची म्हणे शाळा,
बैल बाहेर गेले की पोरं आत.

पहिलं पान एकोणीसशे सव्वीस.
हटवार गुरुजींचं अक्षर, मोडीतून नुकतंच बाळबोधीत आलेलं,
प्रत्येक काना जरा जास्तच सरळ.

सुकरू वल्द झिबल, ढिवर. जन्म एक जुलै.
मंगरू वल्द पैकू. जन्म एक जुलै.
बुधा. एक जुलै.
पानं उलटते मी, अख्खी मोहखेडी
एकाच दिवशी जन्मलेली.

गुरुजींनी विचारलं असेल, पोरगा कधीचा?
आई म्हणाली असेल, रोवण्याच्या टायमाचा.
किंवा, वाघानं गोऱ्हा नेला ना, त्या साली.
आता याची तारीख कशी करायची?
उन्हाळा सरून शाळा उघडलेली,
दारात जो दिवस उभा होता
तोच त्यांनी लिहून टाकला.

शेवटचा रकाना: शाळा सोडण्याचे कारण.
ढोरं राखणे.
ढोरं राखणे.
लग्न.
उमरेडला, खाणीवर.
एका ठिकाणी नुसतं ‘देवी’,
आणि सहा नावांना मिळून एकच कंस.
मग एका पानावर आडवं, लाल शाईत,
गाव उठले.
त्यापुढचं पान नव्या गावठाणातलं, टिनाखालचं.
धरणाच्या पाण्यानं पट अर्धा केला होता.

मागच्या आठवड्यात कुहीहून गाडी काढून
दिपाली वलथरे आली, जात पडताळणीसाठी.
पणजोबा सापडला. झेरॉक्स कुठली इथं,
तिनं मोबाइलमध्ये फोटो घेतला, आणि हसली:
मॅडम, हेही एक जुलैचेच? माझे बाबाही.
म्हटलं, तारीख गुरुजींची गं.
पण नाव बघ. सुकरू.
आईनं वार सांगितला होता,
तेवढा पहिल्या रकान्यात नीट उतरलाय.
ती जरा वेळ स्क्रीनवर बोट ठेवून उभी राहिली.

आता माझ्या अक्षरातली चार नावं उरली.
हिमांशीची जन्मवेळसुद्धा आहे, दवाखान्याच्या कागदावर,
पहाटे दोन चाळीस.
कारणाच्या रकान्यात नियमाप्रमाणे लिहिलं,
पालकांच्या विनंतीवरून.
चारदा लिहिलं.
विनंती कोणी केली नव्हती.
केंद्रशाळा सहा किलोमीटर, मधे नाला.

पेटीला दोरी बांधायला चौघंही आली.
गाठ दोनदा सुटली.
हिमांशी फळ्याकडे गेली, खडू घेतला:
मॅडम, आज कोणता वार?
शनिवार, म्हटलं.
तिनं लिहिलं. खाली लिहिलं,
पट चार, हजर चार.