समतुल्य

माझ्या खोलीतलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे,
मुद्दाम.
अमेरिकेहून आलेली पोरं तरीही त्याच्या आधीच पोचतात,
मारबुर्गचे सगळे जिने एका दमात चढून,
आणि धापा टाकत विचारतात :
कोणते विषय घेता येतील, फ्राउ ओस्टरटाग?

मी तक्ता पुढे सरकवते.
हे खास तुमच्यासाठी मांडलेले वर्ग, इंग्रजीतले,
दर शुक्रवारी एखादा किल्ला दाखवून आणणारे.
ही भाषेची शिकवणी, सकाळी आठला.
हे व्याख्यान : दोनशे जण, नाव कुणी विचारत नाही.
हे सेमिनार : बारा जण, आणि सगळे सगळं विचारतात,
वर शेवटी वीस पानी निबंध, तळटीपांसकट.

मग नेहमीचं सांगते.
वेळापत्रकात दहा लिहिलंय तिथे सव्वादहा वाचा.
आवडलं तर टाळ्या नाहीत, बाकावर बोटांनी टकटक.
टेबल इथे तो, दिवा ती,
आणि चांगली लग्नाला आलेली मुलगीसुद्धा ते.
गुणांचं तर उलटंच : तुमच्याकडे चार म्हणजे शिखर,
इथे चार म्हणजे काठावर पास.
ज्याला एक, तोच एक नंबर.
मागे एकदा नेब्रास्काहून एका आईचा फोन आला होता,
रडत होती, पोरीला अवघे एक पूर्णांक तीन मिळाले म्हणून.
म्हटलं, बाई, केक आणा.

वेंडेल क्रांट्झ, गाव डब्यूक, आयोवा.
त्याची यादी घरूनच भरून आली होती :
तीन वर्ग, तिन्ही इंग्रजीत.
परतीचं तिकीट वीस डिसेंबर.
सत्र फेब्रुवारीपर्यंत असतं, मी म्हटलं.
माझं नसतं, तो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात तो चुकीच्या दारातून आत गेला.
मधल्या रांगेत बसल्यावर उठायचं कसं,
म्हणून नव्वद मिनिटं बसला.
प्रोफेसर हेलवेगे हातात भिंग धरून
शेवाळावर बोलत होत्या.
त्याला अकरा शब्द कळले, त्याने मोजले होते.
पुढच्या मंगळवारी तो त्याच दारातून गेला,
या वेळी चुकून नाही.

नोव्हेंबरात विचारायला आला :
शेवाळाला क्रेडिट किती?
मी त्याच्या विद्यापीठाला पत्र घातलं.
तीन आठवड्यांनी एक ओळ आली :
समतुल्य विषय उपलब्ध नाही.

मी त्याला सगळं सरळ मांडून दाखवलं.
परीक्षा फेब्रुवारीत. क्रेडिट शून्य.
तिकीट बदलायचा दंड.
जानेवारीत तिकडे हजर नसलास
तर वसतिगृहातली खोली जाईल, पदवी अर्धं वर्ष लांबेल,
आणि अर्धं वर्ष म्हणजे किती डॉलर, तेही कागदावर लिहून.
मनाचं ऐक वगैरे मी म्हणत नाही.
मला पगार रकाने भरण्याचा मिळतो.
त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली,
आणि थँक्यू जर्मनमध्ये म्हणाला.

एकवीस डिसेंबर.
कार्यालय दुपारी बंद होणार म्हणून मी टेबल आवरत होते.
दारात वेंडेल,
गुडघ्यांवर लान नदीकाठचा चिखल,
हातात काडेपेटी.
आणि जर्मनमध्येच, अडखळत :
हे बघा ना, भिंतीवर होतं, वाळलेलं,
मला वाटलं मेलंय, पण पाण्याचा थेंब पडला तर ते... ते...

क्रियापद शेवटी येतं.
तिथवर तो पोचला आणि क्रियापदच सापडेना.
वाक्यात चुका चार तरी होत्या.
पण शेवाळाला तो ते म्हणाला होता,
बरोबर, न अडखळता, न आठवता,
घरचं माणूस म्हणतं तसं.
यासाठी माझ्याकडे रकाना नाही.

मी चष्मा पुसला.
कुंडीला पाणी घालायची झारी उचलून
काडेपेटीत एक थेंब सोडला.
थांबा, तो म्हणाला, वेळ लागतो.

बाहेर बाकावर अजून दोघीजणी होत्या, फॉर्म घेऊन.
घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं.
आम्ही वाकून बघत राहिलो.