चेकरची वही

पाणी पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला.
डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत आठ दिवस.
या दोन आकड्यांच्या मधल्या बोळात
माझी नोकरी.

टॉर्च, खडू, औषधाची बाटली.
बॅरलमध्ये उजेड टाकला की
अळ्या वळवळतात स्वल्पविरामांसारख्या,
वाक्य कुठं संपणार ते न सांगता.

ताप आहे का कुणाला?
"लेदु अक्का, कुणालाच नाही."
आतून कण्हणं येतं
आणि टीव्हीचा आवाज वाढतो.
मी दारावर लिहिते: तारीख, भांडी सात, ताप शून्य.

एकदा ऊन चुकवायला टेकले
विडी कारखान्याच्या पायरीवर.
इरय्या चिप्पा वही उघडून बसलेले.
राजव्वा गुंडेटी : हजार, हजार, हजार,
सातशे,
दोनशे,
रेघ.
खालच्या ओळीत तिची जाऊ, तसाच उतार.
त्याच गल्लीतली तिसरी, दोन दिवस मागून.

"पानं वाईट आली होती का?"
"पानं बरी होती. दोरा सैल येत होता.
निम्म्या छाटल्या मी."

लॅबचा कागद यायला सहा दिवस लागतात.
इथं ताप त्याच संध्याकाळी
निळ्या शाईत नोंदलेला.

मग दर बुधवारी आधी वही, मग गल्ली.
आकडा उतरला की मी दारात.
सुई टोचायची, बॅरल आडवं करायचं.
गटारीतून वाहत जाणाऱ्या पाण्याकडं
बाया बघत राहायच्या,
माझ्याकडं नाही.

महिन्याभरात
सगळ्या ओळी पुन्हा हजार.

मी खूश होऊन कट्टे हातात घेतले.
राजव्वाच्या नावावरच्या विड्यांत
अर्ध्यांचा दोरा डावीकडून आवळलेला.
तिच्या शेजारची मल्लम्मा डावखुरी आहे,
हे मला ठाऊक होतं, इरय्यांनाही.
त्यांनी त्यातली एकही छाटली नव्हती.

वही मिटली.
खडू पिशवीतच ठेवला.

आज पहाटे तीनला
नळानं आधी हवा सोडली, मग गढूळ, मग नितळ.
मी पदर खोचून राजव्वाच्या दारात.
"आता जुनं ओतू," म्हटलं,
"नवं आलंय."
बॅरलची एक कड मी धरली,
दुसरी मल्लम्मानं,
डाव्या हातानं.

आतून राजव्वा म्हणाली,
"जरम आहे अक्का. चार दिवस झाले."