हेरिंगच्या गाडीवर

राजधानी नव्हे हे, नेल्ट्ये सांगते
सुरी ॲप्रनला पुसत.
राजधानी ॲम्स्टरडॅम. राजा शपथ घेतो तिकडे,
सरकार नांदतं इथं, हेगमध्ये.
(माझ्या भाषेत मी लावून घेतो:
कुंकू तिकडचं, संसार इकडे.)

तळ्याकाठच्या जुन्या दरबाराला
परांची बांधलीय.
दुरुस्ती कधी संपणार?
ती खांदे उडवते, मासा पुढे करते.
कांदा हवा?

या गावाला जमिनी दोन, म्हणते.
समुद्राकडे वाळू, आतल्या अंगाला काळी दलदल.
वाळूवर वकिलाती, उंच दारं.
दलदलीवर आम्ही.
आमच्या स्वयंपाकघरात फरशीवर लिंबू ठेवलं
की आपसूक भिंतीकडे घरंगळायचं.
वडील त्यावर पैजा लावायचे,
आणि हरायचे, कसे कोण जाणे.

दुपारी न्यायालयातली दुभाषी बाई येते,
दुसऱ्यांची मेलेली माणसं
या भाषेतून त्या भाषेत वाहून दमलेली.
तिला नेल्ट्ये काही विचारत नाही.
एक मासा जास्त ठेवते, हिशेबात धरत नाही.

सायकलवरून कुणी जातो, टाय खांद्यावर उडालेला.
"मंत्री आहे कसलासा," ती म्हणते,
"साडेचार युरो उधारी."

संध्याकाळी वारा थेट पाण्यावरून येतो,
ट्रामच्या रुळांत कुरकुरतो.
फळी लावून नेल्ट्ये एक बूट काढते,
उलटा करून झटकते फुटपाथवर.
मूठभरही नसेल.
"ही एवढी वाळू माझी."