हद्द

रोमहून कागद आला तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पाद्रे एलेउतेरिओने तो वेदीच्या पायरीवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले, वाऱ्यासाठी,
आणि बोट फिरवून म्हणाला, ही आता आमची हद्द.
माझा बाप, उंटांमागे जन्म काढलेला, वाकून बघत राहिला.
यात विहिरी कुठेत?

विहिरी नव्हत्या.
पट्टीने ओढलेल्या तीन रेघा, चौथीकडे समुद्र.
माणसं किती तुमची, बापाने विचारलं.
पाद्रेने बोटं मोडली: शिपाई, शिपायांच्या बायका,
मासळीच्या कारखान्यातले काही, तारऑफिसातला एक,
आणि गव्हर्नरचा आचारी, तो फक्त नाताळाला यायचा.
आणि आमच्यातले?
पाद्रेने चष्मा पुसला.
कुणी नाही. मला घाईही नाही.

त्या एका वाक्यावर बापाने चौकीदारी धरली.
महिन्याला तीनशे पेसेता आणि साखरेचा एक सुळका.
रमजानात तो घंटेच्या लोलकाला फडकं बांधायचा.
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
कुणी सोडही म्हणालं नाही.

मग एका हिवाळ्यात सगळं गुंडाळलं त्यांनी,
झेंडा, जनित्र, दवाखान्यातल्या खाटा.
आणि जाताना मेलेलेही नेले.
फावडं माझ्या हातात होतं, मी तिशीतला.
एकशे आठ पेट्या निघाल्या, बंदरावर ओळीने मांडल्या,
प्रत्येकीवर खडूने आकडा.
एकशे नववी मिळेना.
तारऑफिसवाल्याची मुलगी, अकरा दिवसांची.
वाळू सरकली होती. आम्ही तीन दिवस शोधलं.
कप्तान ओरडला, भरतीची वेळ झाली.

पाद्रे बोटीवर चढला नाही.
माझं एक माणूस इथेच आहे, एवढंच बोलला.
त्या वर्षीच्या अहवालात त्याने रोमला लिहिलं,
एकूण संख्या दोन.
एक मी. एक सापडत नाही.

नवा झेंडा आला. डोंगरापलीकडे तोफा वाजत राहिल्या,
माझे दोन चुलतभाऊ तिकडे गेले ते तिकडेच.
बाप गेला तेव्हा पाद्रे कबरस्तानाच्या कडेला उभा राहिला,
चपला हातात घेऊन, दुपारभर, आत न येता.
त्याच्या वेळी मीही तसाच उभा होतो.
किल्ली तेव्हापासून माझ्याकडे.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
पाद्रे आले, गेले. एकाला दमा होता.
एकाला पत्त्यांचा नाद, तो मला अजून आठवतो.
रविवारी रिकाम्या बाकांना मिस्सा ऐकवायचे.
मी दाराशी बसून चहा उकळायचो.

आता बाकं भरतात.
दक्षिणेकडून येतात पोरं, कॅमेरूनची, गिनीची,
मासळी साफ करतात, बोटीसाठी पैसे साठवतात.
ईस्टरला फिलोमेनच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला.
वहीत नाव चढलं, मार्सियाना.
जूनमध्ये त्या दोघी बाकावर नव्हत्या.
पोचल्या असतील.

सगळे पोचत नाहीत. समुद्र काहींना परत आणून टाकतो,
खिशात कागद नाही, गळ्यात काही नाही,
चेहऱ्यावरून धर्म कळण्याची वेळ टळलेली.
नगरपालिका विचारते, हा कुणाच्या हद्दीत?
पाद्रे इमामाकडे बघतो, इमाम माझ्याकडे.
एकशे आठ खड्डे रिकामे पडलेत माझ्या ओळखीचे.
मी फावडं काढतो.
इमाम त्याचं म्हणतो, पाद्रे त्याचं,
ज्याचं लागू होईल ते.

रोमचा कागद उंदरांनी कधीच कुरतडला.
शिंपले खिडकीत होते. परवा त्यातला एक
मी एका पोराच्या उशाशी खोचला, खूण म्हणून.
वाळू सरकते इथे.
तीन उरलेत.