कंपनी

आमच्या घरात कंपनी म्हणजे विडीची.
"कंपनीला जाऊन येते," म्हणत अम्मा
टोपली कमरेवर घ्यायची,
आणि शाळेच्या फॉर्मवर, आईचा व्यवसाय, याच्यापुढे
मी 'कंपनीत' एवढंच लिहायचो.
गुरुजींना टेबल-खुर्ची दिसली असेल तर दिसू दे.

मग मीही कंपनीत लागलो. हिंजवडीला.
भूमक्कानं सगळ्या विडी घरकुलात सांगितलं,
लचमक्काचा गिरिधर कंपनीत लागला,
आणि जी ती विचारायची,
कुठल्या ब्रँचला?

सात आठवडे झाले, घरी आहे.
पत्रा तापतो, लॅपटॉप तापतो,
आणि अंगणात मांडीवर सुपं घेऊन बसलेल्या चौघी
हात न थांबवता माझ्यावर बोलतात.
कुजबुज नाही. सोलापुरात कुजबुज कुणाला जमते?

अंबूबाई म्हणते, आता म्हणे कॉम्प्युटरच कॉम्प्युटरचं काम करायलाय.
आमच्या ह्यांचे माग भंगारात गेले, पण वजनावर गेले,
लोखंडाला भाव तरी आला.
याच्याकडं काय आहे काट्यावर ठेवायला?

भूमक्का म्हणते, बँकेची परीक्षा दे बे.
बँक बुडली तरी सायबाचा पगार बुडत नाही.

कलव्वा तंबाखू पसरता पसरता म्हणते,
माझं ऐकाल तर ती कंपनीच खोटी.
रोज फुकट जेवायला घालणारा मालक
कधी चांगला असतो का?

बारावीतली राजमणी पान कापत होती.
दादा, मी कॉम्प्युटर घेऊ का?
क्लासवाला नव्वद हजार म्हणतो, नोकरीची हमी.
मी म्हणालो, बघू.
तिनं पान उलटं करून शीर बघितली,
पुन्हा नाही विचारलं.

शनिवारी अम्माचा गुडघा धरला म्हणून
टोपली मी घेतली.
हजार विड्या, पंचवीसचे चाळीस कट्टे,
माझ्या आठवणीपेक्षा हलके.
चेकरनं एकेक कट्टा अंगठ्यानं दाबला,
दोन बाजूला टाकले. छाट.

अम्मा उठली, गुडघ्यासकट.
"कसली छाट? दाखव.
कुठल्या विडीचं तोंड उघडं आहे, दाखव मला.
पान तुझं, भोकाचं, काळं, तूच मोजून दिलेलं,
विडी गोरी कुठनं होईल?"
मागं रांगेत बायका तेलुगूत हसल्या.
चेकरनं चष्मा चढवला,
एकेक विडी तिच्या डोळ्यांपुढं धरली.
पंखा बंद, दोघांनाही घाम.
एक कट्टा परत आला.
एक गेला.

माझी मीटिंग अकरा मिनिटांची होती.
पडद्यावर आमचे चौकोन, माइक त्यांनीच बंद केलेले.
एका बाईनं वाचून दाखवलं,
आवाज चांगला होता तिचा,
'कुटुंब' हा शब्द दोनदा आला.
मी काहीतरी बोलायला गेलो होतो.
काय, ते आता आठवत नाही,
कोपऱ्यातल्या चौकोनात
माझंच उघडं तोंड दिसलं, तेवढं आठवतं.

येताना रिक्षात अम्मानं विचारलं,
तुझा चेकर कोण होता?
माहीत नाही.
नाव?
नाही.
कुठल्या गावचा, ते तरी?
अम्मा, त्यांनी माणसानं बघून केलं
की मशीननं, हेपण माहीत नाही.

अशोक चौक गेला, पाण्याची टाकी गेली,
ती काही बोलली नाही.
उतरल्यावर रिक्षावाल्याशी भांडली,
पाच रुपयांवरनं, चांगली चार माणसं जमेपर्यंत.
त्यानं चिडून नाणं दिलं
ते तिनं पदरानं पुसलं
आणि माझ्या हातावर ठेवलं.
कशाला, ते सांगितलं नाही.